मालवणला स्कूबासाठी जाताना व्यावसायिकाशी व्यवहार कसा करावा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात दिवाळीपासून मेपर्यंतच्या कोणत्याही सुट्टीच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले, तर साधारण एकच दृश्य दिसते. दोरीवर ओले वेटसूट लटकत असतात, वाळूत सिलिंडर आडवे ठेवलेले असतात, प्लॅस्टिकच्या टेबलावर अर्जांचे कागद दगडाखाली दाबून ठेवलेले असतात आणि भोवती पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून रात्रभर प्रवास करून आलेली कुटुंबे आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी समुद्राच्या पाण्यात डोके कधी बुडवलेले नसते. ज्याचे नावही अजून ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती ते पुढच्या तासाभरात आपला श्वास सोपवणार असतात.

मी स्वतः स्कूबा डायव्हिंग, म्हणजे सिलिंडरमधील हवा घेत पाण्याखाली वावरणे, शिकलो आहे आणि या किनाऱ्यावर वारंवार जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तक्रारी माझ्या कानावर येतात. पाहुणे म्हणतात की पाण्याखाली जेमतेम दहा मिनिटे ठेवले, व्हिडिओचे वेगळे पैसे मागितले, हवामानाचे कारण सांगून आगाऊ रक्कम अडकवून ठेवली. व्यावसायिक म्हणतात की पाहुण्याने दमा असल्याचे लपवले, रात्रीची दारू उतरायच्या आत पाण्यात उतरायला आला, सांगितलेल्या वेळेनंतर दीड तासाने पोहोचला आणि वर घाई करू लागला. या तक्रारींतील बहुतेक गोष्टींचे मूळ समुद्रात नसते. ज्या गोष्टी किनाऱ्यावर बोलायच्या राहून जातात, त्या पाण्यावर गेल्यावर भांडणाचे किंवा अपघाताचे रूप घेतात. माझ्या मते या व्यवहाराची कसोटी एकच आहे: कोणत्या परिस्थितीत आपल्याला पाण्यात नेणार नाही हे व्यावसायिक आधी स्पष्ट सांगतो का, आणि ते ऐकून घ्यायची आपली तयारी आहे का. खालील सर्व पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

पहिली पायरी: कोणता डायव्ह हवा आहे ते ठरवा

सुट्टीत येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हवा असतो तो पहिल्या ओळखीचा डायव्ह. यात कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, थोडी माहिती दिली जाते आणि प्रशिक्षक किंवा गाईड पूर्ण वेळ आपल्याला धरून असतो. मालवणात असे डायव्ह मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात उथळ पाण्यात होतात. 'पाडी' या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार अशा डायव्हची कमाल खोली १२ मीटर आणि किमान वय १० वर्षे आहे. आपला व्यावसायिक त्या संस्थेशी जोडलेला असो वा नसो, हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. सात वर्षांच्या मुलाला नेण्यास कोणी आनंदाने तयार होत असेल, तर तो आपल्यावर उपकार करत नाही.

दुसरा प्रकार शिकण्याचा आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे सरावासाठी तलावही आहे. प्राथमिक अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस लागतात आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह डायव्ह करण्याची पात्रता मिळते. ज्यांना पाण्याची खरी ओढ आहे, त्यांनी दोन सुट्ट्यांत दोनदा ओळखीचा डायव्ह करण्याऐवजी एकदा हा अभ्यासक्रम करावा. व्यावसायिकाशी आपले नाते त्यानंतर पार बदलते, कारण आपण सामानासारखे वाहून नेले जात नाही आणि काय चालले आहे ते आपल्याला कळत असते.

तिसरा प्रकार आधीच प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरांचा. त्यांच्यासाठी काही मुद्दे पुढे स्वतंत्रपणे दिले आहेत.

दुसरी पायरी: तारीख आणि मोकळा दिवस

पावसाळ्यात, म्हणजे साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, या किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असतात. हंगाम ऑक्टोबरपासून रंगू लागतो आणि स्वच्छ पाण्याची शक्यता थंडीच्या महिन्यांत अधिक असते. तरीही मालवणचे पाणी अंदमानसारखे नेहमी निवळशंख नसते. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, वारा वाढला की तळाची वाळू उठते, आणि काल दहा मीटरवरचा मासा दिसत होता तिथे आज हातभर अंतरावरचे दिसत नाही. यात व्यावसायिकाचा दोष नसतो. छायाचित्रात निळे पाणी दाखवून तेच मिळेल अशी हमी तो देत असेल, तर मात्र दोष त्याचाच.

म्हणूनच सर्वांत उपयोगी सूचना अशी की डायव्ह मुक्कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी ठेवावा आणि दुसरा दिवस मोकळा ठेवावा. परतीच्या दिवशी सकाळी डायव्ह ठेवला आणि त्या दिवशी समुद्र खवळला, तर व्यावसायिकावर आपला दबाव येतो आणि आपल्यावर आपल्या गाडीचा. नाताळचा आठवडा, लागून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिन्याचे शेवटचे दिवस शक्यतो टाळावेत. त्या दिवसांत किल्ल्याजवळ होड्या एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एकेका गाईडला दिवसभर एकापाठोपाठ एक पर्यटक खाली न्यावे लागतात.

या शेवटच्या गोष्टीकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण एकदा खाली जातो आणि एकदा वर येतो. गाईड मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी खाली-वर करत राहतो. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. वारंवार वर-खाली केल्याने या क्रियेवर ताण येतो. कान, सायनस आणि सांधे यांचे दुखणे घेऊन हंगाम रेटणारी मुले या किनाऱ्यावर आहेत. ती मालवण, देवबाग, वायरी अशा गावांतील आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली आहे. दमलेला गाईड पाहुण्यासाठीही धोक्याचा असतो. सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी मागून घेण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

तिसरी पायरी: फोनवर विचारायचे प्रश्न

हॉटेलचा काउंटर, रिक्षावाला किंवा समाजमाध्यमावरील जाहिरात यांच्यामार्फत ठरवले, तर मधल्या माणसाचा वाटा त्यातून जातो आणि प्रत्यक्ष पाण्यात कोण नेणार हे शेवटपर्यंत कळत नाही. मध्यस्थ वाईटच असतो असे नव्हे; मात्र ज्याची होडी आणि ज्याचे सिलिंडर आहेत, त्या माणसाशी एकदा तरी थेट बोलावे. बोलताना पुढील गोष्टी विचाराव्यात.

पाण्यात एका गाईडबरोबर किती जण असतील? नवख्यासाठी उत्तर 'एकास एक' असेच हवे. सिलिंडर आपल्या पाठीवर असेल की होडीवरून नळीने हवा येईल? गाईडचे प्रशिक्षण कोणत्या संस्थेचे आहे आणि प्रमाणपत्र पाहता येईल का? खोली किती आणि प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ किती? 'एक तासाची राईड' या शब्दांत होडीचा प्रवास, कपडे बदलणे आणि रांग हे सगळे मोजलेले असते, म्हणून 'पाण्याखालचा' हा शब्द आवर्जून वापरावा. होडीवर प्राणवायूचा संच असतो का? होडी प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली आहे का आणि विमा आहे का?

या प्रश्नांची उत्तरे जितकी महत्त्वाची, तितकीच उत्तर देण्याची पद्धतही महत्त्वाची असते. जो माणूस "अहो, काही टेन्शन घेऊ नका, रोज शेकडो लोक येतात" एवढेच म्हणतो, त्याने उत्तर दिलेले नसते. जो "तुमच्या घरात कोणाला दमा, फिट, हृदयविकार आहे का? कोणी गरोदर आहे का?" असे उलट आपल्यालाच विचारतो, त्याच्याकडे जावे.

पोहता येत नसेल तर तसे फोनवरच सांगावे. ओळखीच्या डायव्हला पोहता येणे बंधनकारक नसते हे खरे. पण घबराट बहुधा पाण्याच्या पृष्ठभागावर, लाट तोंडावर येते तेव्हा होते, आणि ज्याला पोहता येत नाही त्याला त्या क्षणी अधिक भीती वाटते. गाईडला हे आधी ठाऊक असेल, तर तो उतरवण्याची पद्धत बदलतो.

चौथी पायरी: पैसे आणि रद्द करण्याच्या अटी

दर ठरवताना होडीभाडे, वेटसूट, गाईड, व्हिडिओ आणि कर यांपैकी काय काय धरले आहे ते विचारावे आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागावे. तीन ओळींचा संदेश पुरेसा असतो. त्यात रद्द झाल्यास काय, हे असलेच पाहिजे: हवामानामुळे व्यावसायिकाने रद्द केल्यास पूर्ण परतावा किंवा दुसरी तारीख, आपण ऐनवेळी रद्द केल्यास आगाऊ रकमेवरील हक्क सोडणे, होडीवर गेल्यानंतर भीती वाटून पाण्यात न उतरल्यास किती रक्कम द्यावी लागेल. हा तिसरा मुद्दा फारसा कोणी विचारत नाही आणि भांडणे मात्र त्याच्यावरच होतात. माझ्या मते तिथे होडीचा खर्च पाहुण्याने द्यावा, कारण डिझेल जळालेले असते आणि गाईडची एक फेरी गेलेली असते.

घासाघीस करण्याबद्दल मला थोडे परखडपणे लिहावेसे वाटते. भाजी घेताना दर पाडला तर विक्रेत्याचा नफा कमी होतो. इथे दर पाडला तर ती कपात नफ्यातून होत नाही. ती वेळेतून, माणसांतून आणि देखभालीतून होते. सिलिंडरची दरवर्षी आतून पाहणी आणि ठरावीक वर्षांनी, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांनी, दाबचाचणी व्हावी लागते. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरण, उघडून त्यातील रबरी भाग बदलावे लागतात. सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचे फिल्टर बदलावे लागतात, अन्यथा इंजिनाचा धूर किंवा तेलाची वाफ हवेत मिसळू शकते. व्यावसायिकाची कमाई वर्षातील आठ-नऊ महिनेच होते. पन्नास जणांच्या सहलीसाठी सवलत मागणे रास्त आहे. चौघांच्या कुटुंबासाठी शेजारच्या टपरीचा दर दाखवून निम्म्यावर आणणे रास्त नाही. दर पटत नसेल तर दुसरीकडे जावे, पण त्याच माणसाला खाली ओढून त्याच्याच हाती श्वास देऊ नये.

पाचवी पायरी: अर्जावर खरे लिहा

किनाऱ्यावर पोहोचल्यावर हाती येणारा आरोग्याचा अर्ज लोक रेल्वेच्या आरक्षणपत्रासारखा भरतात: सगळ्या चौकटींत 'नाही', खाली सही. मीही एकदा तसेच केले आहे. डिसेंबरमधील सहल होती, दोन दिवसांपासून सर्दी होती आणि सकाळी गोळी घेतल्याने नाक मोकळे वाटत होते. 'सध्या सर्दी, सायनस किंवा कानाचा त्रास आहे का' या ओळीपुढे मी 'नाही' लिहिले, कारण होय लिहिले असते तर मित्र गेले असते आणि मी वाळूत बसलो असतो. चार मीटरवर उजव्या कानात सुई घुसावी तशी कळ आली. मी हाताने कान दाखवला, गाईडने तत्काळ मीटरभर वर घेतले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कळ आली आणि त्याने डायव्ह संपवला. वर आल्यावर त्याने एवढेच विचारले, "सर्दी होती काय?" त्या कानाने मला पुढचे तीन आठवडे नीट ऐकू आले नाही. माझ्या एका खोट्या शब्दामुळे त्याला जबाबदार धरले जाण्याची पाळी आली असती, ही गोष्ट मला कानाच्या दुखण्यापेक्षा अधिक टोचत राहिली.

यामागचे शास्त्र साधे आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पोकळीतील हवा निम्मी आकसते. सर्वांत मोठा बदल सुरुवातीच्या काही मीटरांतच होत असल्याने 'आपण फार खोल जाणार नाही' हे कारण कानाला लागू पडत नाही. फुप्फुसांचे याच्या उलट असते: खाली घेतलेला श्वास रोखून वर आलो, तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दमा, फुप्फुसाचे जुने आजार, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, नुकतीच झालेली कोणतीही मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल, तर घरूनच डॉक्टरांचा सल्ला आणि लेखी पत्र घेऊन निघावे. किनाऱ्यावरचा गाईड डॉक्टर नसतो; त्याला 'एवढ्याने काय होते' असे म्हणायला लावू नये.

अर्जात जोखीम स्वीकारल्याचा मजकूरही असतो. तो वाचून सही करावी. समुद्राचे मूळ धोके आपण पत्करतो एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. सेवेत उणीव राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दाद मागण्याचा मार्ग खुला राहतो.

सहावी पायरी: साहित्य आणि सूचना

साहित्य तपासणे म्हणजे व्यावसायिकावर अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते आणि ते संकोचतात. चांगल्या व्यावसायिकाला याचा राग येत नाही. "एकदा दाखवता का?" असे म्हटले की तो स्वतःहून समजावू लागतो.

नवख्यानेही करता येईल अशी एक तपासणी आहे. सिलिंडर जोडून झाल्यावर दाबमापक हातात घ्यावा. भरलेल्या सिलिंडरमध्ये काटा २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असतो. आता रेग्युलेटर तोंडात धरून काट्याकडे पाहत चार-पाच दीर्घ श्वास घ्यावेत. काटा जागचा हलला नाही, तर झडप नीट उघडलेली आहे. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली पडून परत वर येत असेल, तर झडप अर्धवट उघडी किंवा जवळजवळ बंद आहे. होडीवर श्वास घेताना ती अडचण जाणवत नाही, खोलीवर मात्र श्वास अपुरा पडू लागतो. याच वेळी हवेला वासही नसावा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर त्या सिलिंडरने उतरू नये, मग दुसरा यायला अर्धा तास लागला तरी चालेल.

सूचना देताना गाईड मराठीत, मालवणीत किंवा मोडक्या हिंदीत बोलेल. तो बोलत असताना फोन बाजूला ठेवावा. खुणांपैकी एक खूण अशी आहे की ती रोजच्या सवयीमुळे हमखास चुकते. अंगठा वर करणे याचा अर्थ पाण्याखाली 'छान' असा होत नाही, 'मला वर न्या' असा होतो. 'सगळे ठीक' सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे असते. कॅमेरा समोर आला की पाहुणा उत्साहाने अंगठा दाखवतो आणि गाईड त्याला वर घेऊन येतो; मग 'दोन मिनिटांत आणले' अशी तक्रार होते. श्वास कधीही न रोखणे, कान दुखण्याच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकर मारणे आणि मास्कमध्ये पाणी आले तर काय करायचे, या तीन गोष्टी गाईडने सांगितल्या नाहीत तर आपण विचारून घ्याव्यात.

सातवी पायरी: होडीवर

लोक पाण्याखालच्या धोक्याचा विचार करतात आणि होडीला विसरतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. डायव्ह झाला होता, परतीचा प्रवास चालू होता. म्हणून जाताना आणि येतानाही लाईफ जॅकेट घालावे आणि त्याचे पट्टे आवळावेत. ओल्या अंगावर ते बोचते हे खरे, तरीही. होडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरली जात असतील तर चढण्यापूर्वी बोलावे, आणि ऐकले नाही तर चढू नये. आगाऊ दिलेले पैसे नंतर मागता येतात.

तांडेलाचे, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचे, म्हणणे होडीवर शेवटचे असते. कोणी कोणत्या बाजूला बसायचे, केव्हा उठायचे, इंजिन चालू असताना कुठे पाय सोडायचे नाहीत, हे तो सांगेल तसे करावे. सगळ्यांनी छायाचित्रासाठी एकाच बाजूला धावणे हा त्याच्या डोक्याला सर्वांत मोठा घोर असतो.

आठवी पायरी: पाण्यात

उतरल्यावर पहिले मिनिट काही न करता शिडीला किंवा दोराला धरून फक्त तोंडाने श्वास घेत राहावे. गाईड घाई करत असेल तर हाताने 'थांबा' सांगावे. तो थांबला पाहिजे. पहिल्या मिनिटात शरीराला भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची ती ओसरते. ओसरली नाही तर परत होडीत यावे.

खाली गेल्यावर कशालाही हात लावू नये. मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा गुन्हा ठरतो. व्हिडिओत मासे भोवती यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती पाहुण्याच्या हौसेपोटी चालते, म्हणून ती पाहुण्याच्या शब्दाने थांबूही शकते. "आम्हाला माशांना खाऊ घातलेले नको, आहे तसे दाखवा" असे होडीवरच सांगावे. मी हे सांगतो तेव्हा गाईड बहुधा खूश होतो आणि खडकाच्या कपारीतला एखादा लाजरा मासा दाखवायला नेतो. पावाच्या गर्दीत तो मासा कधीच दिसला नसता.

प्रमाणपत्र असलेल्यांसाठी

ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्यांच्या बाबतीत गैरसमज वेगळ्या कारणाने होतात. पाहुणा आपला अनुभव वाढवून सांगतो आणि व्यावसायिक समुद्र सोपा करून सांगतो. शेवटचा डायव्ह कधी झाला, एकूण किती झाले आणि त्यांपैकी प्रवाहात व कमी दृश्यतेत किती, हे लॉगबुकासह, म्हणजे आपल्या डायव्हांच्या नोंदवहीसह, सांगावे. अंदमानातील तीस स्वच्छ डायव्ह आणि याच किनाऱ्यावरील निवतीच्या खडकांजवळील एक डायव्ह यांची तुलना होत नाही. वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर उजळणी मागून घ्यावी. व्यावसायिकाने पहिला डायव्ह उथळ पाण्यात घेऊन आपले कौशल्य पाहायचे ठरवले, तर त्यात अपमान मानू नये. मी तर जिथे हे पाहिले जात नाही, तिथे दुसऱ्यांदा जात नाही.

उतरण्यापूर्वी चार गोष्टी बोलून ठरवाव्यात: जोडीदार कोण, कमाल खोली किती, किती दाब उरल्यावर मागे वळायचे आणि होडीवर किती दाब शिल्लक ठेवून यायचे. १०० बारला गाईडला खूण आणि ५० बार राखून पृष्ठभागावर, ही सर्वसाधारण रीत आहे. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा हवा. गटातील एकाची हवा लवकर संपते म्हणून सगळ्यांना वर आणल्याची तक्रार नेहमी होते. त्यावर उपाय एवढाच की गट लावताना 'माझी हवा लवकर संपते' हे ज्याचे त्याने आधी सांगावे. आपला मास्क सोबत न्यावा, वजनाच्या पट्ट्याचा आपला आकडा लिहून ठेवावा, आणि गाईडने दिलेले वजन जास्त वाटले तर ते किनाऱ्यालगत तपासून कमी करावे.

"आज पाणी बरा नाय"

सगळी तयारी करून किनाऱ्यावर आल्यानंतर हे शब्द ऐकू येतात तेव्हा पाहुण्याचा चेहरा उतरतो, मुले हिरमुसतात आणि शेजारची दुसरी होडी निघताना दिसली तर राग येतो. "ते जातात, मग तुम्ही का नाही?" हा प्रश्न मी कित्येकदा ऐकला आहे. देवबागला एका व्यावसायिकाने त्यावर सहा जणांच्या कुटुंबाला पूर्ण पैसे जागेवरच परत केले आणि म्हटले, "तुमका त्यांच्याबरोबर जावचा असात तर जावा, मी नेवचंय नाय." त्या दिवशी त्याचे किती नुकसान झाले असेल याचा हिशेब मी मनातल्या मनात केला होता. होडी बाहेर काढलेली, चार माणसांचा रोज चालू आणि हाती काही नाही. अशा माणसाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. दुसरा दिवस मोकळा ठेवायला सांगितला तो यासाठीच. आणि जो रद्द करतो पण पैसेही देत नाही, त्याला व्हॉट्सॲपवरचा आपला संदेश शांतपणे दाखवावा.

शेवटची पायरी: डायव्हनंतर

गाईडला बक्षिसी द्यावी का? सेवा चांगली असेल तर द्यावी आणि ती त्याच्याच हातात द्यावी. व्हिडिओ घेण्यापूर्वी फाइल उघडून पाहावी, म्हणजे घरी गेल्यावर फोनाफोनी होत नाही.

अभिप्राय लिहिताना मासे किती दिसले यापेक्षा गाईड एकास एक होता का, सूचना नीट दिल्या का, जॅकेट मिळाले का आणि ठरलेला वेळ पाळला का, हे लिहावे. पुढच्या पाहुण्याला त्याचाच उपयोग होतो. तक्रार असेल तर प्रथम मालकाशी, त्याच दिवशी आणि शांत आवाजात बोलावे. तक्रारीत गाईड मुलाचे नाव जाहीरपणे लिहू नये, कारण घाई करण्याचा निर्णय बहुधा त्याचा नसतो. मालकाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे आगाऊ रकमेची पावती आणि तोच तीन ओळींचा संदेश कामी येतो. होडीच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार असेल, तर ती मालवणच्या बंदर विभागाच्या कार्यालयात लेखी द्यावी.

राहिला परतीचा प्रवास. एका डायव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवसांचे डायव्ह झाले असतील तर किमान १८ तास थांबावे, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. चिपी किंवा मोपा विमानतळावरून परतणारे हे लक्षात ठेवतात. घाटाने परतणारे विसरतात. हाच विचार साधारण सहाशे मीटरहून अधिक उंचीवर जाण्यालाही लागू होतो, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. उथळ पाण्यातील पंधरा मिनिटांच्या एका डायव्हनंतर धोका अगदी कमी असला, तरी ज्यांनी दिवसात दोन-तीन खरे डायव्ह केले आहेत, त्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढू नये. ती रात्र मालवणातच काढावी, भरपूर पाणी प्यावे, आणि सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, चक्कर किंवा न जाणारा थकवा असे काही जाणवले तर 'प्रवासाने असेल' म्हणून झोपून न जाता त्याच व्यावसायिकाला फोन करावा. दवाखाना कोणता, प्राणवायू कुठे मिळेल आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे त्या गावात त्याला आपल्यापेक्षा नक्की अधिक ठाऊक असते.